पालथी बादली

आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी 'बाल्कनीतल्या झाडांची निगा' यावर चार पानं लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं. का, तर सौदीतल्या हुफूफसारख्या भट्टीत माझ्या बाल्कनीत गवती चहा आहे, मोगरा आहे, आणि कमरेएवढा एक रातांबा आहे, ज्याच्या फळांची कोकमं होतात तो. लोक येतात, रातांब्याशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि म्हणतात, "काकी, तुमच्या हाताला गुण आहे." माझ्या हाताला काही गुण नाही. याच हाताने मी तो रातांबा एकदा मारायला काढला होता. मला जे येतं ते इब्राहिम मिस्त्रींचं. तेव्हा झाडांवर लिहायचं तर मिस्त्रींवरच लिहावं लागेल. चालत असेल तर छापा. मी चौथी शिकलेली बाई, मला याहून वेगळं जमत नाही.

मिस्त्री आमच्याच इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत राहत. दापोलीकडचे, खाडीकाठच्या गावचे. धंदा एसी दुरुस्तीचा. इमारतीचा मालक अबू सालेह हाच त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो. त्याच्या अशा तीन इमारती होत्या आणि तिन्हींचे एसी, मोटारी, नळ मिस्त्रींच्या जिवावर चालत. या देशात त्यांची तिशीच्या वर वर्षं झाली होती. बायको गावी, मुली लग्न होऊन आपापल्या घरी. माणूस बुटका, दाढी पांढरी, पायात बारा महिने एकच निळी रबरी चप्पल. खिशात एक टेस्टर आणि एक चहाचा चमचा. चमचा कशाला, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

नवरा गेल्यावर विजयने, माझ्या मुलाने, खटपट करून मला इकडे आणलं. मी आले ती मे महिन्यात. येताना डब्यात दहा-बारा रातांबे आणले होते. दुसऱ्या दिवशी फोडून सार केलं. त्याच दुपारी एसी बंद पडला आणि मिस्त्री आले. स्टुलावर चढले, झाकण उघडलं आणि हातातला पाना तसाच धरून थांबले.

"वैनी, रातांबा?"

"होय."

"सोलं घातलीत?"

"सोलं कशाला? ओला आहे. परवापर्यंत झाडावर होता."

ते खाली उतरले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही. मी वाटीत सार दिलं. वाटी हातात धरून म्हणाले, "बिया कुठं आहेत?"

"टाकल्या. इथं काय त्यांचं मुठेल काढून टाचांना लावायचंय?"

"कुठं टाकल्या?"

"कचऱ्यात. पिशवी खाली गेली सुद्धा."

वाटी ओट्यावर ठेवून आणि एसी उघडा टाकून माणूस तीन मजले खाली धावला. विजय बनियनवर बसून वारा घेत होता. वीस मिनिटांनी मिस्त्री वर आले. ओंजळीत नऊ बिया, चिकट, चहाचा चोथा लागलेल्या. त्या त्यांनी ओल्या फडक्यात बांधल्या, मग सार प्यायले, मग एसी दुरुस्त केला.

एवढं काय त्या बियांचं, म्हणून मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. एसीवाल्याला उन्हाळ्यात सुट्टी मिळत नाही. गावी जायचं ते थंडीत. रातांबा पिकतो उन्हाळ्यात. म्हणजे इकडे आल्यापासून त्यांनी झाडावर पिकलेला रातांबा बघितलेला नव्हता. "बायको घरची सोलं पाठवते, बाटलीतून आगळ पाठवते," ते म्हणाले. "पण झाडाखाली उभं राहून लाल झालेला बघायचा तो राहिलाय. शेवटचा बघितला तेव्हा ही दाढी काळी होती."

"म्हणून इथं लावणार? मिस्त्री, तुम्हाला ऊन लागलंय."

"ते तर कधीच लागलंय," ते म्हणाले आणि टेस्टर खिशात घालून गेले.

आठ दिवसांनी मी गच्चीवर गेले तेव्हा त्यांचा कारभार बघितला. तुपाचे डबे, फुटके कूलर, रंगाच्या बादल्या, सगळ्यांना बाहेरून पांढरा चुना. काळा डबा तापतो आणि आतली मुळं शिजतात, म्हणून चुना. प्रत्येक डब्याच्या मातीवर खजुराच्या झाडाचा काथ्या अंथरलेला. खालच्या सगळ्या मजल्यांवरच्या एसींच्या नळ्या जोडून जोडून जिन्याखालच्या एका निळ्या पिंपात आणलेल्या. इथलं नळाचं पाणी विहिरीचं, मचूळ. चार दिवस घातलं की डब्याच्या काठावर पांढरी खपली धरते. एसीतून ठिबकतं ते गोडं. कडक उन्हाळ्यात हवा कोरडी, तेव्हा बादली भरायला दोन दिवस लागत. ऑगस्ट-सप्टेंबरात दमट वारा आला की पाणी वाढे, आणि मिस्त्री पिंपं भरून झाकून ठेवत, कारण थंडीत एसी बंद. एसी औषध मारून धुतला की आठ दिवस त्याचं पाणी मात्र ओतून देत.

प्यायचं पाणी आपल्याकडे बाटल्यांतून येतं. ते झाडाला घालायचं नाही, हा त्यांचा दंडक. "ते माणसाच्या तोंडचं आहे," म्हणत. माझ्या सुनेने एकदा पेल्यातलं उरलेलं पाणी मोगऱ्यात ओतलं. मिस्त्रींनी त्या दिवशी आमच्याकडे चहा घेतला नाही.

मी गावाहून तुळशीचं बी आणलं होतं. रोपं चार बोटं वर आली. एक दिवस भर दुपारी दोनला मी गच्चीवरची नळी धरून त्यांना पाणी घालत होते. मिस्त्रींनी येऊन नळी काढून घेतली आणि म्हणाले, "हात धरा." मी धरला आणि ओरडले. टाकी उन्हात, पाणी उकळायच्या बेताला आलेलं.

"हा चहा झाला, वैनी. आता दूध-साखर पण घाला."

"मग केव्हा घालायचं?"

"सकाळी फजरच्या नमाजानंतर, नाहीतर ऊन उतरल्यावर. दुपारी कधीच नाही. आणि आधी बोट घालून बघायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. आत ओल लागली तर गप्प घरी जायचं. झाडाला तहान लागलेली नसते, आपल्याला लागलेली असते."

तुळस मेली. मिस्त्री म्हणाले, "खुरूज झाला तिचा." खुरूज म्हणजे हा देश कायमचा सोडून जाणं. त्यांचं सगळं बोलणं असं सरकारी. नवीन झाड आलं की चाळीस दिवस ते 'व्हिजिटवर'. म्हणजे जिन्यात, सावलीत, बेताचं पाणी आणि खत अजिबात नाही. चाळीस दिवसांत नवं पान फुटलं की झाडाचा 'इकामा', म्हणजे राहायचा परवाना, झाला, मग त्याला गच्चीवर कायमची जागा. लोक बाजारातून फुललेलं झाड आणतात, आणल्या दिवशी उन्हात ठेवतात, वर मूठभर खत घालतात. मिस्त्रींना अशा लोकांचा राग येई. "तुम्ही विमानातून उतरलात आणि त्याच दिवशी तुम्हाला कुणी डोक्यावर सिमेंट देऊन कामावर चढवलं तर?" ते विचारत. आमच्या इमारतीतल्या बऱ्याच जणांना खरोखर तसंच चढवलेलं होतं, त्यामुळे हे चटकन समजे.

आता बादलीचं सांगते. कुठलंही झाड कुठंही ठेवण्याआधी मिस्त्री तिथं स्वतः बसत. बादली पालथी घालायची, झाडाच्या जागेवर ठेवायची आणि वर बसायचं. सकाळी, भर दुपारी आणि उतरत्या उन्हात, तिन्ही वेळा. वारा कुठून येतो, भिंत किती तापते, ऊन किती वाजता कुठं सरकतं, हे बसल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. उन्हाला त्यांनी नमाजांची नावं दिली होती. फजरनंतरचं ऊन कोवळं, ते सगळ्यांना द्यावं. जोहरचं, भर दुपारचं, मारतं. असरचं, उतरतं, मोगऱ्याला मानवतं. मी हिंदू बाई, पण आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. सुनेला सांगते, "पापड जोहरच्या उन्हात घाल."

या बादलीपायी एकदा मोठी गंमत झाली. अबू सालेहने फाटकाजवळ लिंबू लावायचं ठरवलं. जागा दाखवली ती पांढऱ्या भिंतीला लागून. मिस्त्री म्हणाले, बसून बघतो. जुलै महिना. दुपारी एकला मिस्त्री डोक्याला ओला पंचा बांधून भिंतीशी बादलीवर जाऊन बसले. अर्ध्या तासाने अबू सालेहची गाडी आली.

"एश हाज़ा, या इब्राहिम?" हे काय चाललंय, म्हणून त्याने विचारलं. त्याला वाटलं, माणूस रुसून बसलाय. पगाराचं काही राहिलं का, तब्येत बरी नाही का, घरून वाईट बातमी आली का, सगळं विचारून झालं. मिस्त्री म्हणाले, तसं काही नाही, मी लिंबू आहे. अबू सालेहला अर्थ लागेना. मग मिस्त्री उठले आणि बादलीकडे हात करून म्हणाले, "यल्ला, तुम्ही बसा." एवढा मोठा मालक, पांढराशुभ्र झगा, पण स्वभावाने खेळकर. बसला. आम्ही बायका वरून खिडकीतून बघत होतो. समोरून ऊन आणि मागून भिंतीची धग. पाचच मिनिटांत उठला आणि म्हणाला, "खलास. लिंबू तुझं, जागा तुझी." लिंबू इमारतीच्या मागे गेलं, जिथं दुपारनंतर सावली पडते. अजून लिंबं देतं.

रातांब्याच्या नऊ बियांतल्या तीन उगवल्या. एक मुंग्यांनी नेली, एकाचा आपोआप खुरूज झाला, एक राहिला. त्याच्यासाठी मिस्त्रींनी गच्चीवरचा एकही कोपरा पसंत केला नाही. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या वळणावर तीन दिवस बादली टाकून बसले. तिथं उत्तरेची खिडकी आहे, उजेड भरपूर आणि ऊन अजिबात नाही. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात. भाजीच्या पिशव्या घेऊन मी वर येत होते. "मिस्त्री, पाय घ्या की जरा. जिना तुमच्या बापाचा आहे का?"

"माझ्या बापाचा असता तर मधे आंबा लावला असता, वैनी."

तिथं तो रातांबा राहिला. मिस्त्री कामावर जाताना एकदा आणि येताना एकदा त्याच्याशी थांबत. बोलत वगैरे नसत. झाडांशी बोलणारी माणसं मी पाहिली आहेत, मिस्त्री त्यातले नव्हते. पानाची खालची बाजू बघायची, बोट घालायचं, डबा पाव फिरवायचा आणि निघायचं. दीड वर्षात वीतभर वाढला असेल. माझी थट्टा चालूच होती. "तुमच्या रातांब्याला फळ येईपर्यंत मी राहीन का?" असं मी विचारलं की ते म्हणत, "तुम्ही राहाल. तुमचा इकामा वरच्यालाच रद्द करवत नाही."

मग आली माझी करामत.

त्या थंडीत मिस्त्री दोन महिन्यांसाठी गावी गेले. गच्चीवरची झाडं तिसऱ्या मजल्यावरच्या केरळच्या माणसाकडे सोपवली. रातांबा माझ्याकडे. का, तर मी रातांब्याच्या मुलखातली. जाताना एवढंच म्हणाले, "पिंपातलं पाणी, आठवड्यातून दोनदा एक लोटा. दुसरं काही करू नका, वैनी. काहीही नाही."

मला ते लागलं. जन्मभर लांज्याकडे शेतीत राबलेली बाई मी. मला हा एसीवाला शिकवणार? त्याच सुमारास विजय आणि त्याचे मित्र आम्हाला वाळवंटात सहलीला घेऊन गेले. इथं थंडीत लोक तंबू टाकून शेकोट्या करतात. सकाळी बघते तो पांढरीशुभ्र, मऊ राख. आमच्याकडे राखेशिवाय भाजी नाही. वाफ्याला राख, वेलाला राख, मुळाशी राख. मी पिशवी भरून आणली आणि रातांब्याला दर आठ दिवसांनी मूठ मूठ घालत राहिले. पानं पिवळी पडायला लागली तशी मी मूठ मोठी केली.

फेब्रुवारीत मिस्त्री आले. बॅग खांद्यावरच होती, जिन्यात थांबले. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, टोकं जळलेली. तेव्हा त्यांनी खिशातला तो चमचा काढला. मुळाशी उकरलं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि बाहेर जाऊन थुंकले.

"राख?"

"होय."

"मीठ नाही ना घातलंत?"

"नारळ असता तर घातलं असतं."

ते पायरीवर बसले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. शाळेतल्या पोराला सांगावं तसं हळू बोलले. "आपली कोकणातली माती आंबट, वैनी. तिला राख मानवते. इथली माती मुळातच चुन्याची, खारी. मी दीड वर्ष पानांचं खत आणि चहाचा चोथा घालघालून ती थोडी आंबट केली होती. तुम्ही त्यात भट्टी ओतली. चूक तुमची नाही. तुम्ही तिकडचंच इकडे केलंत."

चूक माझीच होती. "काहीही नाही" म्हणून सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रोप उपटलं, मुळं धुतली, नवी माती घातली आणि साठवलेलं गोडं पाणी त्यावर ओतायला सुरुवात केली. ओतायचं, निथळू द्यायचं, पुन्हा ओतायचं. गच्चीवरच्या सगळ्या झाडांसाठी राखलेलं पाणी चार दिवसांत एका रातांब्यावर संपलं. एसी चालू व्हायला अजून महिना-दीड महिना होता. विजय म्हणाला, बाटल्या आणून देतो. मिस्त्री ऐकेनात. प्यायचं पाणी नाही म्हणजे नाही. इतकी पानं गळली की वर फक्त दोन उरली.

मी रात्रभर जागले वगैरे काही नाही, मला झोप चांगली लागते. पण सकाळी भाताचं झाकण उचलताना त्यावरून पाणी हातावर ओघळलं. मी चाटून बघितलं. गोडं. खाली मचूळ पाणी उकळतंय आणि वर गोडं जमतंय. मी वर गेले आणि मिस्त्रींना म्हटलं, "हवेत ओल केली आणि एसी लावला तर पाणी ठिबकेल ना?"

"ठिबकेल. पण या थंडीत एसी?"

"आमच्या घरात आमची थंडी. तुम्हाला काय करायचंय?"

मग आमच्या बैठकीच्या खोलीत गॅसची शेगडी आणली, तिच्यावर नळाच्या पाण्याचं मोठं पातेलं ठेवलं, दारं लावून घेतली आणि एसी सोडला. पातेलं वाफा सोडतंय आणि एसी त्या वाफांचं पाणी करून बाहेर टाकतोय. मी आणि सून रजया पांघरून बसलो. नात शाळेतून आली, दार उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, व्हाय इज इट रेनिंग इन द हॉल?" तिला मी म्हटलं, दार लाव आधी.

असं तेरा दिवस केलं, रोज दुपारी दोन तास. दिवसाला तीन-चार लोटे पाणी निघे. पहिल्या दिवशी मी लोटा घेऊन खाली गेले तेव्हा मिस्त्रींनी तो दोन्ही हातांनी घेतला. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "तुम्ही चौथी शिकलात हे खोटं, वैनी."

मार्चच्या अखेरीस शेंड्याला लाल कोंब आला. रातांब्याचं नवं पान लाल असतं, कुंकवाच्या बोटासारखं. मिस्त्रींनी मला हाक मारून दाखवलं. मी हात पुढे केला तर म्हणाले, "लांबूनच. तुमचा इकामा रद्द झालाय. तुम्ही आता व्हिजिटवर."

"किती दिवस?"

"बघू."

हे 'बघू' वर्षभर चाललं. मला त्यांनी डब्याला बोट लावू दिलं नाही. मी जिन्यातून जाताना मुद्दाम हात मागे बांधून जायची. त्यांना हसू येई, पण परवानगी आली नाही. आणि खरं सांगायचं तर माझी मागायची हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी अबू सालेह गेला. मिस्त्री तीन दिवस त्यांच्याकडे बसायला जात होते. मुलांनी इमारतींचं काम एका कंपनीला दिलं. कंपनीला साठीपुढचा माणूस नको होता. मिस्त्रींचा खुरूज निघाला. गच्ची मोकळी करायची आणि जिन्यात एक वस्तूही ठेवायची नाही, असा कागद खाली लागला. आम्हाला वाटलं, माणूस खचेल. ते शांतपणे म्हणाले, "एप्रिलात जातोय. म्हणजे यंदा रातांबा झाडावर बघीन."

मग त्यांनी झाडं वाटायला काढली. आणि काय वाटणं ते! झाड मागायला येणाऱ्याला पहिला प्रश्न, "दुपारी दोनला तुमच्या बाल्कनीत ऊन कुठं असतं?" कुणाला सांगता येईना. आपलं घर, आपली बाल्कनी, पण दोनला तिथं कोण असतो? मग मिस्त्री बादली घेऊन त्या घरी जात आणि बसत. बायका आत जेवणं वाढतायत आणि हे बाल्कनीत पालथ्या बादलीवर. मोगरा केरळच्या माणसाला गेला, कढीपत्ता हैदराबादच्या बाईंना, गवती चहा सगळ्यांना थोडा थोडा. माझ्याकडेही एक मोगऱ्याची फांदी आली.

रातांब्याचं नाव कुणी काढलं की ते "बघू" म्हणत. तळमजल्यावरच्या एकाने मागितला. मिस्त्री त्याच्याकडे तीन दुपारी बसून आले आणि नाही म्हणाले. मग पलीकडच्या इमारतीत बसून आले. तिथंही नाही. चार दिवस राहिले होते. आता हा माणूस तो डबा विमानात घेऊन बसणार की काय, असं विजय म्हणाला.

मी त्यांना मागितला नाही. पण त्याआधीचे दहा दिवस मी एक काम करत होते. आमची रंगाची बादली घेतली, बाल्कनीत पालथी घातली आणि रोज दुपारी जेवण झाल्यावर तिच्यावर जाऊन बसले. सून म्हणाली, "आई, हे काय वय आहे का?" मी म्हटलं, वयाचा काय संबंध, बसायचंच तर आहे. पहिल्या दिवशी पाठ भाजली. जागा बदलली. कोपऱ्यात बरं वाटलं. पण तिथंही रोज एक वेळ अशी येई की डोळ्यांवर एकदम झळ येई आणि जाई.

जायच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्री निरोप घ्यायला आले. चहा झाला. मी म्हटलं, "मिस्त्री, आमच्या बाल्कनीच्या कोपऱ्यात थेट ऊन येत नाही. पण सव्वादोनला समोरच्या इमारतीच्या काचेवरून उडून आत येतं. पंधरा मिनिटं. उजव्या कोपऱ्यात. पांढरं फडकं बांधलं तर भागेल."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्हाला कसं माहीत?"

"बसले."

"किती दिवस?"

"दहा."

त्यांनी वळून बाल्कनीकडे बघितलं. मग म्हणाले, "राख?"

"घरात ठेवत नाही."

"नर निघाला तर?" रातांब्याचं झाड नर की मादी, ते फूल येईपर्यंत कळत नाही. नराला फळ धरत नाही.

"नर निघाला तर आमच्याकडे तोडतात."

"वैनी!"

"इथं नाही तोडणार. चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दम्मामहून त्यांचं विमान होतं. चारला गाडी येणार होती. बॅगा खाली नेऊन ठेवलेल्या. एक वाजता दार वाजलं. मिस्त्री उभे, नवा सदरा, पायात नवे बूट, आणि हातात बादली.

"माझं बघून झालंय की," मी म्हटलं.

"तुमचं झालंय. माझं कुठं झालंय?"

बाल्कनीत गेले, उजव्या कोपऱ्यात बादली पालथी घातली, बसले. हात गुडघ्यांवर, डोळे अर्धे मिटलेले. दीड वाजला, दोन वाजले. नवा सदरा पाठीला चिकटला होता. सव्वादोनला समोरच्या काचेवरून ती झळ आली आणि त्यांच्या दाढीवर पडली. त्यांनी तोंड फिरवलं नाही. मी पेल्यात थंड पाणी घेऊन गेले.

"घ्या. प्रवास करायचाय."

त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. "आता मी रातांबा आहे, वैनी. झाडाला भर दुपारी पाणी देतात का? संध्याकाळी द्या."

झळ गेली. ते उठले, बादली चार बोटं आत सरकवली, तिच्याभोवती खडूने गोल काढला आणि बादली तिथंच ठेवून निघाले. खाली जाताना जिन्याच्या वळणावर त्यांचे बूट थोडा वेळ थांबल्याचं ऐकू आलं. मग डबा घेऊन वर आले, माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी. "इकामा झाला तुमचा," म्हणाले आणि गेले. मी बाल्कनीतून बघितलं नाही. डबा गोलात ठेवत होते.

पेला ओट्यावर तसाच राहिला होता. ऊन उतरल्यावर मी डब्यात बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. कोरडं लागलं. मग पेल्यातलं पाणी रातांब्याला घातलं. ते प्यायचं पाणी होतं, हे मला माहीत होतं.